कोड दिलाय, वेळ दिलेला नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑडिओ फायली कापण्या-जोडण्याचा एक छोटा प्रोग्राम तुम्ही लिहिलात, मुक्त लायसन्सखाली सोर्ससकट (म्हणजे मूळ कोडसकट) इंटरनेटवर टाकलात आणि तो तुमच्या अपेक्षेपेक्षा खूप पसरला. आता इश्यूंमध्ये (लोक तक्रारी नोंदवतात तिथे) "एवढं साधं जमत नसेल तर बनवलं कशाला?" अशी भाषा येते. एका कंपनीतल्या माणसाने "सोमवारपर्यंत दुरुस्त करून द्या" असं कळवलंय. डोनेशनच्या बटणाकडे कोणी फिरकत नाही. फुकट आहे म्हणून लोकांना किंमत नाही का, पैसे लावले तर ती येईल का, की सरळ बंद करून टाकावं, हे तुम्हाला ठरवायचंय.

मी बरीच वर्षं मेंटेनरचं, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर सांभाळण्याचं, काम करतेय. एक लायब्ररी (इतर प्रोग्रामांत वापरायचा तयार कोड) एकटीने सांभाळते, आणि एका मोठ्या प्रकल्पात अनेकांपैकी एक आहे. या दोन्हींचे अनुभव एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, त्यामुळे खाली जे लिहितेय त्यातलं काही तुम्हाला लागू पडेल, काही पडणार नाही. तुमचे वापरणारे घरगुती आहेत की प्रोग्रामर, तुम्ही एकटे आहात की सोबत कोणी आहे, आणि मुळात प्रोग्राम पसरावा अशी तुमची इच्छा होती का, यावर बरंच अवलंबून आहे.

आधी एक गुंता सोडवते. तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकत्र झाल्या आहेत. लोक सॉफ्टवेअरला कमी लेखतात ही एक, आणि लोक तुमचा वेळ खातात ही दुसरी. पहिलीने तुमचं खरं तर काही बिघडत नाही. दहा हजार लोकांनी प्रोग्राम उतरवून घेतला, नावं ठेवली आणि काढून टाकला, तरी तुमच्याकडची प्रत आहे तशीच आहे. वापरून गप्प बसणारे तर तुमचं काहीच घेत नाहीत. त्यांनी आभार मानले नाहीत म्हणून वाईट वाटतं, ते मलाही वाटतं, पण ते नुकसान नव्हे. संपतो तो तुमचा वेळ, आणि त्याहून आधी उत्साह. तुमचं लायसन्स एकदा शांतपणे वाचा. एमआयटी असो की जीपीएल (ही दोन प्रचलित मुक्त लायसन्सं), वापरा, बदला, वाटा एवढी मुभा त्यात आहे आणि खाली ठळकपणे लिहिलंय की कसलीही हमी नाही. उत्तरं देण्याचं, सोमवारपर्यंत दुरुस्त करण्याचं वचन त्यात कुठेही नाही. कोड तुम्ही देऊन टाकलाय. वेळ दिलेला नाही. त्यामुळे किंमत लावायचीच असेल तर ती वेळेला लावायची, हे माझं मत आहे आणि पुढचं सगळं त्यावरच आहे.

लोक असं का वागतात? निव्वळ कृतघ्नपणा म्हणून सोडून दिलं तर आपलं मन शांत होतं, पण उपाय सापडत नाही.

शून्य किमतीला माणूस विचित्र वागतो हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. २००७ मध्ये शाम्पानिए, मझार आणि एरिएली या तिघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांपुढे दोन चॉकलेटं ठेवली होती, एक भारी १५ सेंटला आणि एक साधं १ सेंटला. बहुतेकांनी भारी घेतलं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली, १४ आणि शून्य. फरक तेवढाच राहिला, तरी आता बहुतेकांनी फुकटचं साधं उचललं. यातून मी जे घेते ते असं की फुकट दिसलं की "हे मला खरंच हवंय का?" हा प्रश्न माणूस स्वतःला विचारतच नाही. पैसे मोजताना तो विचारतो, आणि पैसे घेणारा कोणीतरी समोर आहे हेही त्याच्या लक्षात राहतं. शून्य किमतीत दोन्ही गळून पडतं. तुमच्या प्रोग्रामकडे असे पुष्कळ लोक आले असणार ज्यांनी तो निवडलेला नाही, नुसता उचललाय.

दुसरं कारण सवयीचं. या माणसाने आयुष्यभर जे सॉफ्टवेअर वापरलं त्यामागे एक कंपनी होती. तिने पैसे घेतले तरी तो ग्राहक होता, आणि जाहिराती दाखवून फुकट दिलं तरी त्याला ग्राहकासारखंच वागवलं गेलं. एखाद्या प्रोग्राममागे कोणीतरी रात्री जेवण आटोपून बसलेलं असतं ही कल्पना त्याला शिवलेलीच नाही. तो तुमच्यावर ओरडत नाहीये, त्याच्या डोक्यातल्या हेल्पलाइनवर ओरडतोय. यामुळे त्याचं वागणं क्षम्य ठरतं असं मी म्हणत नाही, पण उत्तर देताना हे लक्षात असलं की रक्तदाब ताब्यात राहतो.

तिसरं कारण मात्र आपल्याच पदरात येतं, आणि त्याबद्दल आमच्या मंडळींमध्ये फार कमी बोललं जातं. आपण जाहिरात कशी करतो? "अमुक महागड्या प्रोग्रामला फुकट पर्याय." गिंप म्हणजे फुकटचं फोटोशॉप, लिबरऑफिस म्हणजे फुकटचं ऑफिस. अशा हाकेने येणारा माणूस मोजपट्टी हातात घेऊनच येतो. मेनू तिथे नाही, शॉर्टकट वेगळा आहे, फाइल तशीच्या तशी उघडत नाही. प्रत्येक फरक त्याला उणीव वाटतो, आणि मूळ प्रोग्रामची चोरटी प्रत हाती लागली की तो निघून जातो. त्याने आपल्याला कमी लेखलं असं आपण म्हणतो, पण "दुसऱ्या क्रमांकाचं, पण फुकट" ही ओळख आपणच करून दिलेली असते. तुमच्या रीडमीची (प्रोग्रामची ओळख देणाऱ्या फाइलची) पहिली ओळ काय आहे ते बघा. तिथे "फुकट" हा शब्द असेल तर तो खाली न्या, आणि हा प्रोग्राम कोणतं काम इतरांपेक्षा बरं करतो ते वर लिहा. उतरवून घेणाऱ्यांचा आकडा थोडा घटेल. घटू दे.

"फुकट म्हणजे किंमत नाही" हा काही निसर्गनियम नाही, हे मला ब्लेंडर या थ्री-डी चित्रं बनवण्याच्या प्रोग्रामच्या इतिहासावरून पटतं. ब्लेंडर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. एक लाख युरो मिळाले तर सोर्स खुला करू, असं गुंतवणूकदारांनी मान्य केलं. ब्लेंडरचे जनक टॉन रूझेंदाल यांनी लोकांना आवाहन केलं आणि सुमारे सात आठवड्यांत ती रक्कम जमली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्लेंडर जीपीएलखाली आलं. एक पैसाही न देणाऱ्या पुढच्या सगळ्यांना ते मोकळेपणी वापरता यावं म्हणून लोकांनी पैसे मोजले. ही माणसं काही वेगळ्या मातीची नव्हती. फक्त काय जाणार आहे हे त्यांना दिसत होतं, आणि ते कोण बनवतं हे ठाऊक होतं. तुमच्या वापरणाऱ्यांना यातलं एकही दिसत नाही.

तर दिसेल असं करा. आमच्या मोठ्या प्रकल्पात रिलीजच्या टिपणात पूर्वी फक्त बदलांची यादी असायची. नंतर प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव घालायला लागलो, भाषांतर आणि डॉक्युमेंटेशन करणाऱ्यांचंही, आणि सुरुवातीला एक परिच्छेद की हे सगळे लोक नोकरी-शिक्षण सांभाळून हे करतात. भांडकुदळ माणसं पूर्ण थांबली नाहीत, पण "तुम्ही लोकांनी" अशी सुरुवात असलेले इश्यू कमी झाले. तुम्ही एकटे आहात तर रीडमीत तेवढंच लिहा: हा प्रोग्राम एक माणूस फावल्या वेळात सांभाळतो, उत्तराला काही आठवडे लागू शकतात, काही वेळा उत्तर येणारही नाही. रडगाणं नको, माहिती म्हणून द्या.

मग दारावर थोडी तपासणी ठेवा. इश्यूचा टेम्प्लेट करा: कोणती आवृत्ती, कोणती सिस्टिम, काय केलं, काय झालं, शक्य असेल तर ती फाइल. यातलं काही नसेल तर एकदा मागा, ठरावीक मुदतीत आलं नाही तर बंद करा. उद्धटपणा पहिल्यांदा दिसला तर मी दुर्लक्ष करते आणि फक्त तांत्रिक भागाला उत्तर देते. पुष्कळदा समोरचा परक्या भाषेत लिहीत असतो, किंवा काम अडल्यामुळे वैतागलेला असतो, आणि शांत उत्तर मिळालं की त्याचा सूर बदलतो. दुसऱ्यांदा तेच झालं तर एक ओळ लिहून इश्यू कुलूपबंद. तिसऱ्यांदा ब्लॉक, आणि त्याबद्दल चर्चा नाही. चारचौघांत वाद घालून जिंकण्यात मेंटेनरचे जेवढे दिवस जातात तेवढे बग शोधण्यात जात नसतील.

आता त्या कंपनीतल्या माणसाबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण खरं कमी लेखणं इथे होतं. घरी बसून गाणं कापणारा मुलगा उद्धट बोलला तर ते मनाला लागतं, एवढंच. ज्यांच्याकडे पैसा आहे आणि ज्यांचा धंदा तुमच्या कोडवर उभा आहे त्यांनी ढुंकून न पाहणं हे जास्त महागात पडतं, आणि ते सगळ्यांना. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीमधली हार्टब्लीड ही सुरक्षेतली खोट उघड झाली. इंटरनेटवरचे पासवर्ड आणि व्यवहार ज्या लायब्ररीच्या भरवशावर चालत होते तिच्यावर पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि तिला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलरच्या घरात होत्या. बोभाटा झाल्यावर लिनक्स फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरला पाठबळ देणाऱ्या संस्थेने मोठ्या कंपन्यांना एकत्र आणून अशा पायाभूत प्रकल्पांसाठी निधी उभा केला. पैसा होताच, आग लागेपर्यंत तो कोणाला सुचला नव्हता. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की सर्वत्र वापरलं जाणारं मुक्त सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहायला सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील, पण ते उपलब्धच नसतं आणि प्रत्येक कंपनीला आपापलं लिहावं लागलं असतं तर ८.८ लाख कोटी डॉलर. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजे कंपन्यांनी वाचवलेला खर्च.

म्हणून कंपनीने मुदत घातली की मी तिच्याशी कंपनीसारखंच वागते. कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं साधन सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांना जानेवारी २०२२ मध्ये एका मोठ्या कंपनीकडून पत्र आलं होतं. लॉगफोरजेमधल्या खोटीमुळे तुमच्या उत्पादनावर काय परिणाम झाला, तुम्ही कोणते उपाय केलेत, २४ तासांत कळवा, अशा थाटाचं. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, लॉगफोरजे ही जावाची लायब्ररी, म्हणजे संबंधच नाही. त्यांनी उत्तर दिलं की सपोर्टचा करार झाला की सगळी उत्तरं आनंदाने देईन. मला हे उत्तर फार आवडतं, कारण त्यात राग नाही आणि लाचारीही नाही.

तुम्हीही तीन ओळी लिहा. बग नोंदवला आहे. वेळ मिळेल तसा बघेन, तारीख सांगू शकत नाही. ठरावीक तारखेला हवा असेल तर कामाचा दर अमुक आहे, बिल मिळेल. यातला "बिल" हा शब्द महत्त्वाचा. कंपन्या डोनेशन देत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा कंजूषपणा नसतो, त्यांच्या हिशेबात त्यासाठी रकानाच नसतो. सपोर्टचं बिल मात्र कोणताही मॅनेजर मंजूर करू शकतो. शिवाय तुम्हाला लिहिणारा तो डेव्हलपर स्वतः कोणाच्या तरी दट्ट्याखाली असतो, त्याला वर दाखवायला कागद लागतो, तो तुम्ही देताय. बऱ्याचदा यानंतर शांतता पसरते. ती शांतता हेही उत्तरच आहे, ते काम एवढं तातडीचं नव्हतं. पण कधीकधी खरंच होकार येतो, आणि माझ्या लायब्ररीचं जे काही उत्पन्न आहे ते अशाच बिलांचं आहे, बटणाचं नाही.

मग प्रोग्रामलाच किंमत लावावी का? तुमचा प्रोग्राम सामान्य माणूस वापरतो, त्यामुळे तुमच्यापुढे एक वाट आहे जी माझ्या लायब्ररीपुढे नाही. सोर्स मुक्तच ठेवायचा आणि तयार, इन्स्टॉल होणाऱ्या आवृत्तीचे पैसे घ्यायचे. जीपीएलला याची अजिबात हरकत नाही. ऑडिओच्याच जगात आर्डर हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम हेच करतो: सोर्स कोणीही घेऊन स्वतः बांधावा, तयार प्रत हवी तर पैसे द्यावेत. क्रिटा हा चित्रं काढायचा प्रोग्राम त्यांच्या साइटवर फुकट आहे आणि स्टीम या ऑनलाइन दुकानात विकतही मिळतो, आणि लोक घेतात.

पण एक इशारा. अगदी छोटी रक्कम लावू नका. तिने आदर येत नाही, उलट हक्क येतो. "मी पैसे मोजलेत" हे वाक्य चहाच्या किमतीएवढ्या पैशांवरही तितक्याच जोरात बोललं जातं, आणि तेवढ्या पैशांत तुमची एक संध्याकाळसुद्धा भरून निघत नाही. एकतर फुकट ठेवा आणि सपोर्ट नाही असं स्पष्ट सांगा, नाहीतर सपोर्ट परवडेल एवढे घ्या. मधल्या जागी दोन्हीकडचा त्रास आहे. लायसन्सच बदलून कंपन्यांना अडवायचा विचार मनात असेल तर तो एकट्याच्या छोट्या प्रकल्पाला सहसा झेपत नाही. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदललं, आणि काही दिवसांतच व्हॅल्की हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प) लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभा राहिला. रेडिसमागे निदान एक कंपनी होती.

जाता जाता आपल्या बाजूचंही सांगते. आमच्या मोठ्या प्रकल्पात कोड लिहिणारे तक्रार करतात की वापरणाऱ्यांना आपली किंमत नाही, आणि तेच लोक भाषांतर करणाऱ्याचा पॅच (पाठवलेला बदल) महिनोन्महिने पडू देतात. नवख्याला "मॅन्युअल वाच" सांगतात आणि मॅन्युअल तीन आवृत्त्या जुनं असतं. एक जण मला म्हणाला होता, "डॉक्युमेंटेशन काय, कोणीही लिहील." मी म्हटलं, "मग लिही." अजून लिहिलेलं नाही.

राहिला प्रश्न बंद करण्याचा. थकला असाल तर जरूर करा, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. फक्त दडपणाखाली येऊन चाव्या कोणाच्या हातात देऊ नका. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पात हेच घडलं. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर काही नावांनी सारखी टोचणी सुरू झाली की पॅच पडून आहेत, प्रकल्प मंदावलाय, दुसरा मेंटेनर आणा. मेंटेनरने सांगितलं की हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे आणि आपली मानसिक प्रकृतीही बरी नाही. दरम्यान एक मदतीला तत्पर माणूस हळूहळू हक्क मिळवत गेला, आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये त्याने चोरदरवाजा बसवला. एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरण्याच्या साधनाने) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं म्हणून तो मोठ्या प्रमाणावर पसरण्याआधी सापडला. टोचणी देणारी ती नावंही बनावट होती असंच मानलं जातं. म्हणजे ज्या वागण्याचा तुम्हाला त्रास होतोय, ते वागणं कोणीतरी हत्यार म्हणून वापरलं. म्हणून माणसं ओरडतात याची लाज वाटून निर्णय घेऊ नका.

बंद करायचं ठरलं तर रेपो (कोड ठेवलेली जागा) पुसू नका, आर्काइव्ह करा, म्हणजे फक्त वाचता येईल असा गोठवून ठेवा. रीडमीच्या वर तारीख घालून लिहा की यापुढे दुरुस्त्या होणार नाहीत, सोर्स इथे राहील, कोणालाही फोर्क करता येईल. नाव आणि रिलीजचे हक्क मात्र स्वतःकडेच ठेवा. कोणी फोर्क करून काही महिने नीट चालवला, तर त्याची लिंक त्याच ओळीखाली घाला.